खांबामागचे तांबुर्ली

"फादर, आमच्या पूर्वजाचा उरलेला अर्धा भाग कुठाय?"

हे मी धर्मशिक्षणाच्या तासाला सगळ्यांदेखत विचारून दाखवायचं, अशी इलारिया आणि बेनेदेत्ता या माझ्या मैत्रिणींनी पैज लावली होती. विचारलं! फादर एव्हारिस्तोंचा चष्मा नाकावरून घसरला.

प्रश्न रास्तच होता. आमच्या चर्चमध्ये वेदीमागं मरिया आणि योसेफच्या लग्नाचं पाचशे वर्षांपूर्वीचं चित्र आहे. चित्रकारानं वऱ्हाडी म्हणून गावातलीच माणसं रंगवली. तेव्हापासून ज्याचा पूर्वज चित्रात जसा, तसा तो चर्चमध्ये. पास्सेरींच्या पूर्वजाच्या एका पायात जोडा नाही, म्हणून अख्खं पास्सेरी खानदान डिसेंबरातही एक पाय गारठवत उभं असतं. आम्हा तांबुर्लींचा पूर्वज खांबाआडून अर्धाच दिसतो, म्हणून आम्ही खांबामागं. दृढीकरणाच्या विधीत बिशप नाव विचारून कपाळाला पवित्र तेल लावतात. माझ्या दादाच्या, तोबियाच्या, वेळी बिशपनी खांबापलीकडून अंदाजानंच हात लांबवला आणि तेल कपाळाऐवजी कानात गेलं. येत्या रविवारी माझी पाळी. मला ते कपाळावरच हवं होतं, आणि तेही सगळ्यांसमोर!

"अगं, अर्धा तो अर्धाच," फादर म्हणाले. "चित्रात असेल ते खरं."

"मग चित्रच नीट बघू या ना!"

ते साफ करायला फ्लोरेन्सहून ओर्सोलाबाई आलेल्याच होत्या. त्यांनी रंगाखालचं दाखवणारा आपला खास दिवा चित्रातल्या खांबावर धरला आणि शिडीवरच खो खो हसत सुटल्या. खांब मागाहून रंगवलेला! त्याच्याखाली आमचा पूर्वज अख्खाच्या अख्खा. लग्न ऐन रंगात आलंय, योसेफ अंगठी घालतोय, आणि हे महाशय पडजीभ दिसेपर्यंत जांभई देतायत.

संध्याकाळी फादर स्वतः घरी आले. "अभिनंदन! तांबुर्ली आता पहिल्या रांगेत. मात्र..." त्यांनी घसा खाकरला, "विधी संपेपर्यंत जांभई द्यायची."

मला वाटलं, बाबा त्यांना दार दाखवतील. पण बाबांचे डोळे चक्क पाणावले! "पहिली रांग! ऐकलंस का गं, रोझाल्बा?" ते आईला म्हणाले.

जेवणाच्या टेबलावरच सराव सुरू झाला. आईची जांभई फारच सभ्य, असं ठरलं. तोबियाचा जबडा अडकला, त्याला सूप नळीनं पाजावं लागलं, तर आत्या म्हणते कशी, "याला म्हणतात भक्ती!"

"तू का गप्प, लवीनिया? आ कर," बाबा म्हणाले. "बिशप समोर आले, की तुझं तोंड कसं पाहिजे, तर..."

मी चमचा खाली ठेवला.

"आई, बाबा, ऐका. रविवारी मी पहिल्या रांगेत उभी राहणार, आणि तोंड मिटून. बिशपना माझं नाव सांगण्यापुरतं तेवढं उघडेन."