आत्याचं ऐकणं

हिवाळ्यात हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या आमच्या गच्चीवर कोवळं ऊन उतरायचं, तेव्हा आत्या मान किंचित कलवून बसलेली असे, समोर बोलणाऱ्याकडे उजवा कान देऊन. लोकांना ती तिची न्यायमूर्तीची एकाग्रता वाटे. खरं तर लहानपणच्या तापात तिचा डावा कान गेला होता. पण उरलेल्या कानानं ती भाजीवालीचं गाऱ्हाणंही असं ऐके, की बोलणारीचा स्वर आपोआप शांत होई, जणू वाऱ्यानं हेलकावणारी ज्योत ओंजळीच्या आडोशाला स्थिरावली.

नारायणगुड्यातल्या भाड्याच्या खोलीत तिनं वकिली सुरू केली. घरी मराठी, अशिलांशी दखनी नाहीतर तेलुगू. तिथून पायरी पायरी चढत ती दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात पोचली.

तिथे तिच्यापुढे एका विधवेचं प्रकरण आलं. रस्तारुंदीत तिचं पत्र्याचं घर काही न विचारता पाडलं गेलं होतं. जमीन सरकारी, तेव्हा विचारून काय फरक पडला असता, असं सोबतच्या दोघा न्यायमूर्तींचं प्रामाणिक मत पडलं. आत्यानं एकटीनं वेगळा निकाल लिहिला: फरक पडो न पडो, घर पाडण्याआधी माणसाला बोलू द्यायला हवं.

मी तेव्हा तिच्याकडेच राहत होते. त्या संध्याकाळी ती पेरू चिरत होती.

"आत्या, एकटी पडलीस ना?"

"हौ," ती म्हणाली. "पण लिहून ठेवलंय. वाचेल कुणीतरी."

निवृत्तीनंतर ती हैदराबादला परतली. केस कापसासारखे झाले, उजवा कानही मंदावला. एका दुपारी आबिड्सला खरेदी करताना मोबाईलवर बातमी दिसली: दुसऱ्या एका प्रकरणात मोठ्या खंडपीठानं आत्याचं ते जुनं मत मान्य केलं होतं. पिशव्या सावरत मी धावत घरी आले, तिच्या कानाशी वाकून सारं सांगितलं. तिनं मान माझ्याकडे वळवली.

"त्या बाईचं घर?"

"ते नाही गं उभं राहिलं परत."

तिनं डोळे मिटले. पापण्यांच्या कडा ओलावल्या. मग माझा हात हातात घेऊन ती हळूच म्हणाली, "पुढच्या बाईला तरी विचारतील आता."

आत्या गेली त्याला आता काही पावसाळे झाले. परवा आमच्या भागातल्या रस्तारुंदीची सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. बायका एकेक करून उठत होत्या. कुणी तेलुगूत भांडत होती, कुणी दखनीत रडत होती, आणि अधिकारी मान खाली घालून टिपून घेत होते. एका गल्लीची मोजणी त्यांनी तिथेच थांबवली. त्या बायकांपैकी एकीलाही आत्याचं नाव ठाऊक नव्हतं. साऱ्यांची नावं काळानं तरी कुठवर सांभाळावीत? त्या अनोळखी आवाजांच्या गलक्यात बसले असताना मला तिचं नसणं पहिल्यांदाच रितं वाटलं नाही.