बिनभोकाचं तिकीट

दादांच्या घरात माणसांपेक्षा कागदांची बडदास्त जास्त. जुनी तिकिटं, काड्यापेट्यांवरची चित्रं, साबणाची वेष्टनं, सर्कशीच्या जाहिराती. कागदांना दमट हवा बाधते म्हणून खिडक्या बंद, ऊन बाधतं म्हणून पडदे ओढलेले. धाकटीला कोंदट हवा बाधायची, पण तिला कोण विचारतो? धाकटी म्हणजे दादांची बहीण. साठी उलटली तरी धाकटीच. वहिनी गेल्यापासून स्वयंपाक, झाडलोट आणि आल्बममधली कसर झटकणं तिच्याच गळ्यात पडलं होतं.

घरात तिचं दुसरं नाव वेंधळी. तेही काही फुकट मिळालेलं नव्हतं. विशीत तिला नि तिच्या मैत्रिणीला दूरच्या शहरात, नकाशे गिरवायच्या कचेरीत नोकरी लागली होती. धाकटीची रेघ अशी, की परीक्षा घेणाऱ्यानेही मान डोलावली. तिकीट दादांनीच काढून आणलं, तिने ते पर्समध्ये ठेवलं आणि निघायच्या दिवशी सकाळी बघते तर ते नाहीसं. तिने गाद्या उसवल्या, पिठाचा डबा पालथा घातला. गाडी आठवड्यातून एकदाच. वडील म्हणाले, जिला तिकीट सांभाळता येत नाही ती परक्या गावात स्वतःला काय सांभाळणार? विषय संपला. मैत्रीण एकटी गेली.

तेव्हापासून वेंधळीला एकटं सोडायचं नाही, हा घरचा नियमच झाला. वाईट याचं, की त्यावर सगळ्यात जास्त विश्वास तिचाच बसला. कुलूप लावून ती चार-चारदा ओढून बघायची.

आता मैत्रीण निवृत्त झाली होती. फोनवर दर वेळी म्हणायची, मागची खोली रिकामीच आहे, खिडकीतून नदी दिसते, ये कायमची. धाकटीचा जीव त्या खिडकीत अडकला होता. पण विषय काढला की दादा भिंगावरून डोळा न हलवता म्हणायचे, जा की, पण वाटेत तिकीट हरवलंस तर? मग तीच विषय मिटवायची.

अशात दादांच्या संग्रहाचं प्रदर्शन ठरलं. प्रत्येक वस्तूखालची चिठ्ठी अर्थातच धाकटीच्या अक्षरात. तिकिटांच्या बाबतीत दादांचा दंडक कडक होता: पंच केलेलं तिकीटच ठेवायचं. भोक नाही म्हणजे प्रवास नाही, आणि प्रवास नाही म्हणजे नुसता पुठ्ठा. त्यामुळे एरवी दादा स्वतःच हाताळत त्या आल्बमच्या शेवटच्या पानावर, रेशमी कापडाखाली, एक बिनभोकाचं तिकीट दिसलं तेव्हा तिला वाटलं, दादांची नजरचूक झाली. मग तिने तारीख वाचली. ती तारीख तिला झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती.

तिने दादांना हाक मारली.

दादा लपवाछपवी करतील असं वाटलं होतं. छे, ते तर उत्साहाने पुढे सरसावले. छपाईतली चूक बघितलीस का? निघायचं गाव आणि पोचायचं गाव, दोन्हीकडे आपल्याच गावाचं नाव! तपासनीस भोक पाडून त्याचा सत्यानाश करणार, म्हणून आदल्या संध्याकाळी काढून ठेवलं. दुसरं आणून देणारच होतो, तेवढ्यात बाबांनी निकाल लावला.

"आणि मी पिठात हात घालून शोधत होते, तेव्हा तू कुठे होतास?"

"इथेच होतो. पण तसं बघायला गेलं तर या तिकिटावर तू कुठेच जाणार नव्हतीस. वाच ना."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर वर भिंग पुसतोय. धाकटीला इतका राग आला की रडूच येईना. कपाटात दादांचा पितळी पंच होता, त्याला तेल घालायचं कामही तिचंच. तिने तो काढला, तिकीट त्याच्या जबड्यात धरलं आणि दाबलं.

"अगं, किंमत गेली त्याची," दादा कळवळले.

"माझी नोकरी गेली, तेव्हा तू रेशमी कापड शोधत होतास."

दादांनी भोकाभोवती बोट फिरवलं आणि ते पुटपुटले, वेंधळी ती वेंधळीच.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या चिठ्ठ्या कोऱ्या टाकून ती स्टेशनवर गेली. खिडकीतल्या बाईने विचारलं, परतीचंही देऊ का? मागची रांग कुरकुरायला लागेस्तोवर ती विचार करत राहिली. मग नको म्हणाली.

गाडी सुटली. ती पर्सवर विसंबली नाही. तिकीट मुठीत, मूठ पदराखाली. तपासनीस आला तेव्हा तिने मूठ पुढे केली, पण ती काही उघडेना. शेजारची बाई हसली. तिलाही हसावंसं वाटलं, पण बोटं ऐकेनात.

"आजी, सोडा की," तो म्हणाला. "बघतो नि परत देतो."

"नक्की द्याल ना?"

"तुमचंच आहे. मी ठेवून काय करू?"

धाकटीने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग एकेक करून बोटं सोडली.