मान वळते

पेरूला चोचीच्या दोन खोल खुणा होत्या, कडा तपकिरी पडलेल्या, आणि सासूबाईंनी नेमका तेवढाच भाग कापून अमृतच्या हातात दिला. राघूनं उष्टावलेलं फळ खाल्लं की पोराला वाचा फुटते, म्हणून गोजरबाई अकोले तालुक्यातल्या गावाहून एसटीनं येताना असले पेरू हुडकून, पदराच्या गाठीत बांधून घेऊन आल्या होत्या. चार वर्षांचा अमृत चावतोय, रस हनुवटीवर ओघळतोय... खा बाबा. राघू तरी काय करील बिचारा. तोसुद्धा आधी ऐकतो, मग बोलतो.

मोनिका बघत राहिली. सकाळी नगरला कानांची तपासणी झाली होती. बंद खोलीत भोंग्यासारखे आवाज होत होते, तिचंच काळीज दचकत होतं, आणि मांडीवरचा अमृत तिच्या मंगळसूत्राचे मणी चाळवत होता – मजेत. तपासणाऱ्या बाई चांगल्या होत्या, हळू बोलत होत्या, आणि त्याचाच तिला राग आला. दोन्ही कानांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, म्हणाल्या. जन्मापासूनच असावं. यंत्र लावू, शिकवू. पण बोलणं शिकायची पहिली वर्षं हातची गेलीत, किती बोलेल ते आज नाही सांगता येत. पोटात असताना ताप, पुरळ काही?

आलं होतं की. भाताची आवणी चालली होती, गुडघाभर चिखल, आणि अंगावर लाल पुरळ. गोवर निघालाय, दवाखान्यात न्यायचं नसतं, म्हणून उशाला लिंबाचा पाला ठेवला होता. चार दिवसांत उतरलं, मग सगळे विसरले. त्यानंच झालं की कशानं, बाईंनाही ठाम सांगता येईना. कुणाच्या नावानं बोटं मोडायची मग? पाल्याच्या?

दुपारी नवऱ्याला, भागवतला, फोन केला. तो नागापूरच्या कंपनीत, मागं मशिनीचा धडधडाट. त्यानं नुसतं बरं म्हटलं, संध्याकाळी बोलू म्हणाला.

बोलू! बोलण्याचीच तर हौस हिला. हिच्या तोंडाचा पट्टा झोपेत तरी थांबतो का, असं माहेरी विचारायचे. अमृत झाल्यावर तर हक्काचं माणूस मिळालं – ही बघ भेंडी, हा कुकर, आता शिट्टी होईल हं, तुझा बाप बघ कसा घोरतोय... आणि तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचा, खुदकन हसायचा. किती गुणाचं ते, सगळं समजतं त्याला, असं ती शेजारणींना सांगत सुटायची. मग ते सगळं गेलं कुठं रे? मी एवढी घसा फोडून बोलत होते आणि तू नुसतं माझं तोंड हलताना बघत होतास होय?

"त्या बाईला काय कळतंय," गोजरबाई म्हणाल्या. "भागवतबी पाच वर्साचा झाल्यावर बोलला. पोराला ऐकू येतंय. थांब, दावते तुला."

त्यांची खात्रीची परीक्षा होती ती. अमृत वर्षाचा झाल्यापासून घरात सगळ्यांचा भरवसा या परीक्षेवरच होता. पत्र्याच्या कॉटवर एका टोकाला अमृतला पाठमोरा बसवायचा, दुसऱ्या टोकाला थाळी पालथी घालायची आणि लाटण्यानं ठण्णकन हाणायची. त्यांनी हाणली. अमृतनं झटकन मान वळवली, हसला. दरवेळी वळवायचा. या वळण्यावरच तर मोनिकानं इतके दिवस काढले होते.

मोनिकाला एकदम काहीतरी उमगलं, आणि उमगू नये असंही वाटलं. कॉट थरथरली होती. कॉटवर टेकलेल्या तिच्या तळहाताला पत्र्याची ती थरथर लागली होती... तिनं अमृतला उचलून कडेवर घेतलं, सासूकडे त्याची पाठ केली.

"आता वाजवा."

थाळी वाजली. अमृत तिच्या कानातल्या डुलाशी खेळत होता.

"जोरात वाजवा, आत्या."

गोजरबाईंनी दोन्ही हातांनी लाटणं हाणलं. भिंतीपलीकडून शेजारीण काय झालं म्हणून ओरडली. अमृतनं डूल सोडला, जांभई दिली, आणि आईच्या खांद्यावर गाल टेकला.

गोजरबाई लाटण्याकडे बघत बसल्या. "पन वळायचा की गं," एवढंच म्हणाल्या, आणि आवाज इतका बारीक झाला की मोनिकाला वाटलं, कशाला उचललं मी. राहू द्यायचा होता कॉटवर. म्हातारीचं समाधान राहिलं असतं, माझंही राहिलं असतं... संध्याकाळपर्यंत तरी.

तिनं त्याला परत कॉटवर बसवला, पाठमोरा. सासूच्या हातातून लाटणं घेतलं आणि थाळीवर मारलं. मान वळली. हसला. तिनं पुन्हा मारलं. पुन्हा वळला, त्याला तो खेळच वाटत होता, टाळ्या पिटायला लागला. आणि ती मारत राहिली, कारण तेवढ्या क्षणापुरतं पोर तिला ऐकत होतं, खोटं का होईना, ऐकत होतं. मग हात भरून आला. अमृत अजून मागं वळूनच होता, तिच्या तोंडाकडे बघत, ते हलायची वाट बघत. तिनं तोंड उघडलं. इतकी बडबडी बाई, पण त्याच्याशी काय बोलावं ते तिला सुचेना.