माझा तब्येत बरा नाही

त्या मंगळवारी दुपारी अव्वाचा, माझ्या आईचा, ऑफिसातून फोन आला, तेव्हा मी अकरावीच्या उत्तरपत्रिका तपासत होते. तिनं हळू आवाजात विचारलं, "अंकिता, परवानगी आला, आली, का आलं?"

"आली. आणि अव्वा, सारखा फोन करू नकोस. नीट येत नसेल तर बोलूच नकोस ना तिथं."

बरं म्हणून तिनं फोन ठेवला. चार दिवसांनी त्या रात्री नळाला पाणी येणार होतं, म्हणून संध्याकाळी आम्ही दोघींनी पिंपं घासली. ती फारसं बोलली नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

अव्वा अक्कलकोटकडची. घरात आम्ही कन्नड बोलतो. कन्नडमध्ये वस्तू बाईही नसते, पुरुषही नसते. अव्वाची मराठी नेमकी तिथं अडखळायची. विजापूर रोडवरच्या एका संस्थेत आवक-जावकच्या टेबलावर तिनं सव्वीस वर्षं काढली, तिच्या बोलण्यामुळं कुणाचं काम अडलं नाही. दोन वर्षांपूर्वी ऋतुराज सर अधीक्षक म्हणून आले. बैठकीत टपालाची यादी ते तिलाच उभं राहून वाचायला लावत. "गंगम्मा मॅडम, आज फाईल बाई आहे की बाप्या?" सगळे हसत. पुढं तिच्या टिपणांचे फोटो, चुकांना लाल गोल करून, ऑफिसच्या ग्रुपवर येऊ लागले.

एकदा तिनं मला तो ग्रुप दाखवला. चुका खऱ्या होत्या, आणि मी कॉलेजात मराठी शिकवते. एका फोटोला मला हसू आलं. तिनं ते पाहिलं आणि मोबाईल काढून घेतला.

त्यानंतर मी रोज तिचे मसुदे तपासून द्यायला लागले. मला वाटलं, मी मदत करते आहे. तक्रार कर, असं मी एकदाही म्हटलं नाही. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत, काढ की, असंच म्हणत राहिले. ती ऑफिसात गप्प झाली. मग घरात, कन्नडमध्येसुद्धा.

फोनच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास तिच्या छातीत कळ आली. तिनं कुणाला हाक मारली नाही. मलाही फोन केला नाही. अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहून तिनं सरांच्या टेबलावर ठेवला. 'माझा तब्येत बरा नाही. घरी जाण्यास परवानगी मिळावा.' सरांनी तीन गोल केले आणि नीट लिहून आणा म्हणून अर्ज परत पाठवला. ती जागेवर जाऊन दुसरा कागद लिहायला बसली. शिपाई सोमलिंगमामा चहा घेऊन गेले, तेव्हा तिचं डोकं टेबलावर टेकलेलं होतं. दुसऱ्या कागदावर 'माझी' एवढंच होतं. बरोबर होतं.

दोन्ही कागद सोमलिंगमामांनी मला घरी आणून दिले. म्हणाले, "कुणाला दावू नगा ताई, माझी नोकरी हाय."

आठव्या दिवशी ऑफिसात शोकसभा झाली. सरांनी अव्वाला कष्टाळू म्हटलं, मनमिळाऊ म्हटलं. मॅडम कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत, असंही म्हणाले. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. आभाराची चार वाक्यं मी घरून लिहून आणली होती, शुद्ध. ती मी वाचली नाहीत. समोर सोमलिंगमामा खाली बघत होते. त्यांचं नाव येऊ द्यायचं नव्हतं, म्हणून ते दोन कागदही पर्समध्येच ठेवले. पहिला शब्द कन्नडमध्ये आला, तो गिळला.

"ऋतुराज सर, तुम्ही माझ्या आईला दोन वर्षं छळलंत," मी म्हणाले. "बाकीचे तुम्ही हसत होतात. मला सगळं माहीत होतं. मी तिला गप्प बस म्हणाले. आणि एकदा मीही हसले."