सुनेच्या खांद्यावर

खुब्याच्या ऑपरेशननंतर केरबाआबांना मँचेस्टरचं ते हॉस्पिटल पाण्यावर तरंगल्यासारखं वाटत होतं. अंगात गोळ्यांची गुंगी, खिडकीबाहेर धुकं. झोपेत कुणी कूस बदलावी तशी ट्राम त्या धुक्यातून जायची.

व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओबाईंनी त्यांना एका खोलीत आणलं. मधोमध लाकडी जिना. काही पायऱ्या वर, तितक्याच खाली, कुठेच न जाणारा. आबांचा उभा जन्म गवंडीकामात गेलेला, पण असला जिना फक्त स्वप्नातच बांधला जात असेल. तो चढून दाखवला तरच आज घर. नाहीतर कुठल्याशा पुनर्वसन केंद्रात परकी खाट, आणि मराठीचा शब्द कानी पडायचा नाही.

मुलगा नकुल कामाला केंब्रिजला गेलेला. सोबत सून, देवयानी.

एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला ती. "लीन ऑन हर," बाई म्हणाल्या.

"काय म्हणती?"

"माझ्यावर टेका म्हणतेय, आबा. भार टाका."

आबांनी हात मागे घेतला. सासऱ्याचा हात सुनेला लागू नये, हे हाडात मुरलेलं.

"न्हाई जमायचं. टेकू लावायला मी काय पडकी भिंत हाय?"

"अहो, इकडे धडधाकट माणसंही एकमेकांवर लीन ऑन करतात. घरात दुखणं आलं की शेजारणीवर, मन उदास झालं की मैत्रिणीवर. नुसतं अंग नाही टेकायचं, भरवसाही टाकायचा."

"भरवसा हाय की तुझ्यावर."

"मग माझ्या हातची भाकरी रोज चालते, खांदाच तेवढा सोवळ्यातला का?"

आबांना हसू फुटलं. तव्यावरच्या भाकरीला लावावीत तशी त्यांनी आधी नुसती बोटं टेकवली. मग तळवा. मग डोळे मिटून सगळा भार. खांदा किंचित दबला, आणि स्थिरावला.

वर पोचले तर समोर खिडकी. धुक्यात घरांची धुरांडी तरंगत होती. त्यातलंच एखादं आपलं असेल, असं वाटून ते जरा वेळ तिथेच थांबले.

"जड झालो का गं?"

"झालात की. पण हात काढू नका, उतरायचंय अजून."

खाली आल्यावर बाई म्हणाल्या, "होम टुडे." त्यातलं 'होम' आबांना बरोबर कळलं.

"नकुलला सांगू नगंस हां हे."

"सांगणारच. आणि एवढी लाज वाटत असेल, तर घरी दारातल्या पायऱ्या कोण चढवणार?"

"तूच की. दुसरं कोण?"