वळचणीतल्या चिंध्या

जावयाने छप्पर बांधून वर्षही झालं नव्हतं, तोच वरच्या खोलीच्या छताला डाग पडला. आधी नाण्याएवढा, मग बशीएवढा. सासूबाई रोज सकाळी मान वर करून त्याच्याकडे अशा रोखून बघत, जणू तो डागच एक दिवस कबुलीजबाब देणार होता.

जावयाचा धंदाच छपरांचा. लेक आणि तो पुढच्या महिन्यात याच खोलीत राहायला येणार, म्हणून त्याने हे काम स्वतःच्या हाताने केलं होतं. पण कौलांची एक ओळ लागली की खालचं सगळं झाकलं जातं. आत पाणी अडवणारं काळं कापड अंथरलंय, असं तो म्हणाला होता. म्हणाला होता! पाहिलंय कुणी? घरच्याच कामात हात राखला, तर विचारतंय कोण?

त्यात त्याचं ते वागणं. महिन्यातून एकदा शिडी घेऊन यायचा, "जरा बघून जातो" म्हणायचा, वळचणीशी काहीतरी खुडबुड करायचा आणि निघून जायचा. भिंत आणि छप्पर यांच्यामधल्या फटींत सासूबाई चिंध्या कोंबून ठेवत, वारा येऊ नये म्हणून, चिमण्या शिरू नयेत म्हणून. तो येऊन गेला की चिंध्या गायब!

"चिंध्या का काढता?" एकदा त्यांनी विचारलंच.

"त्या फटी मुद्दाम ठेवल्यात, आई. घराला श्वास लागतो."

"श्वास! उद्या घराला सर्दी झाली म्हणाल, जावईबापू."

तो कसनुसा हसला आणि पुन्हा तो विषय त्याने काढला नाही. गप्प बसतोय, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं सासूबाईंनी मनाशी धरलं, आणि नव्या चिंध्या कोंबल्या.

लेकीजवळ शंका बोलून दाखवली, तर ती उसळलीच. "त्यांच्या कामाची झडती घ्यायला दुसऱ्या कुणाला बोलावलंस, तर आम्ही इथे राहायला येणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

सासूबाईंनी आठ दिवस कळ काढली. नवव्या दिवशी सकाळी एका म्हाताऱ्या कारागिराला बोलावलं.

म्हाताऱ्याने परांची बांधली, वळचणीजवळची दहा-बारा कौलं उतरवून खाली रचली, आणि हात देऊन सासूबाईंना वर घेतलं. कौलांखाली आडव्या लाकडी पट्ट्या होत्या. पट्ट्यांखाली काळं कापड.

"आहे की!" सासूबाईंच्या तोंडून निघालं.

"एक नाही, इथे कडेला दोन थर घातलेत. एवढं तर मीही करत नाही. हात ठेवा, ताई."

त्यांनी हात ठेवला. कापडावर नुसती धूळ. मग म्हाताऱ्याने कापडाची कड सोडवून वर उचलली. "आता खालून."

सासूबाईंची बोटं चिंब ओली झाली.

"हे पावसाचं नव्हे, घरातलंच," म्हातारा सांगू लागला. "उकळत्या पातेल्याचं झाकण उचललं, की आतून पाणी गळतं ना? तसंच. खालची वाफ वर येते. वळचणीतून वारा खेळला तर ती बाहेर जाते. पण इथे तर कुणी..." त्याने फटीतून एक चौकटीची चिंधी उपसली. "कुणाचा हा उद्योग?"

"माझा," सासूबाई म्हणाल्या.

म्हातारा हसला नाही. चिंध्यांचा ढीग झाला तसा एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. अर्ध्या तासात कौलं लावून टाकतो. कुणाला पत्ता लागणार नाही."

खरंच लागला नसता. डाग वाळला असता, लेक राहायला आली असती, आणि जावयाने नेहमीसारखं तोंड मिटून घेतलं असतं. सासूबाईंनी रचलेल्या कौलांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "राहू द्या उघडं. आधी मुलीला फोन करते."

तासाभरात दोघं आली. उघडं छप्पर बघून जावई खालीच थबकला.

"आई, मी सांगायला हवं होतं नीट..."

"तुम्ही सांगितलं होतंत. मीच उडवून लावलं. चोर समजत होते मी तुम्हाला, इतके दिवस."

जावयाने चार कौलं उचलली आणि तो शिडी चढू लागला.

लेक मात्र जागची हलली नाही. "म्हणजे बोलावलंसच!"

"बोलावलं."

"आणि आम्हाला न कळवता झाकून टाकता आलं असतं?"

"आलं असतं."



"चार दिवस मी तुझ्याशी बोलणार नाही," लेक म्हणाली. मग नवऱ्याच्या पिशवीतून मोजायची टेप काढून, पडद्यांसाठी वरच्या खोलीची खिडकी मोजायला निघाली. टेपचं दुसरं टोक धरायला सासूबाई मुकाट्याने तिच्यामागे जिना चढल्या.