दारातल्या चपला

“अहो, ती पाटी भिंतीला शोभा म्हणून लावलेली नाही. चपला रॅकवर ठेवा असं लिहिलंय तिच्यावर. वाचता येतं ना?”

एमआरआयच्या खोलीतून बाहेर आल्या आल्या सत्यशीलाबाई एका बापावर खेकसल्या. बापानं रागवावं की नाही? त्यानं डोळे पुसले, हात जोडले आणि लेकाला कडेवर घेऊन हसत हसत निघून गेला.

“हसायला काय झालं याला?” बाईंनी मदतनीस भाग्यश्रीमावशीला विचारलं.

मावशीनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, “मॅडम, रागवू नका. तुम्ही खेकसलात की गाठ साधी, असं बाहेर सगळे म्हणतात. तुम्ही गोड बोललात की मात्र लोकांच्या पोटात गोळा येतो.”

बाई स्टुलावर बसल्याच. चौदा वर्षं या यंत्रावर काढली. निकाल सांगायचा तो डॉक्टरांनी, आपण अवाक्षर काढायचं नाही, हा नियम त्यांनी जिवापाड पाळला होता. आणि त्यांची ही फटकळ जीभ इतकी वर्षं परस्पर सगळं सांगून मोकळी होत होती! त्यांना स्वतःचाच कंटाळा आला.

पुढचा नंबर अरिबाचा होता. वय वर्षं सहा, पोटात मणक्याजवळ मज्जातंतूंची गाठ. तिची आई सितारा हडपसरहून दोन बस बदलून आली होती. तिनं चपला रॅकवर नीट जोडून ठेवल्या. ते पाहून बाईंना बरं वाटलं होतं.

“भूल द्यायला नको, मॅडम,” सितारा म्हणाली. “आठवडाभर रोज पलंगाखाली झोपवून सवय केलीय. मी सांगेपर्यंत ती हलायची नाही.”

आणि पोर खरंच हलली नाही. यंत्र ठणाणा करत होतं, ती मात्र गप्प पडून होती. चित्रं एकदम स्वच्छ आली. गाठीतल्या पेशी सुट्या असल्या की पाणी मोकळं फिरतं आणि या तपासणीच्या नकाशावर गाठ उजळ दिसते. पेशींची खच्चून गर्दी असली की पाण्याला हलायला जागा उरत नाही, मग गाठ काळी दिसते.

अरिबाची गाठ काळी होती.

शेवटचा शब्द डॉक्टरांचा, तोही तुकडा काढून तपासल्यावर, हे बाईंना ठाऊक होतं. पण त्यांची नजर फारशी चुकत नसे. आज चुकावी, असं त्यांना फार वाटलं.

मावशीनं अरिबाला बाहेर सरकवलं. पोर उठेना. “अम्मीनं सांगितल्याशिवाय नाही,” एवढंच म्हणाली. अम्मीला बोलवायला बाईंना दाराशी जावंच लागलं.

त्यांनी दार उघडलं, तर उंबऱ्यावरच सिताराच्या चपला आडव्यातिडव्या पडलेल्या. पलीकडे भिंतीला टेकून सितारा उभी होती आणि बाईंच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती.

बाईंच्या लक्षात आलं, बाहेरचं बोलणं हिच्याही कानावर गेलं होतं. एकदा खेकसलं की झालं. आज शुक्रवार. डॉक्टर सोमवारी भेटणार. तोवर ही बाई तीन रात्री शांत झोपेल. वाक्य तर तोंडपाठ होतं.

“अहो...” बाई म्हणाल्या. शेवटी दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून त्या वाकल्या आणि चपला उचलायला लागल्या. “असू दे हो. मी ठेवते.”

सितारा जागची हलली नाही. मग हळूच पुढे आली आणि तिनं बाईंच्या हातातून चपला घेतल्या.

“द्या मॅडम. माझ्या आहेत.”

तिनं त्या रॅकवर जोडून ठेवल्या, पदरानं तोंड पुसलं आणि अनवाणी आत गेली. अरिबा छताकडे बघत तशीच ताठ पडली होती.

“हो गया, बेटा,” सितारा म्हणाली. “अब हिल.”